साक्षीला शेजारचा तारा

धुळ्याहून एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. पत्र लांब आहे, पण मजकूर असा. त्यांची मुलगी नववीत आहे. तिची मावसबहीण जळगावला, तीही नववीत. दोघींनी हिवाळ्यात ठरवले की मृगातला तांबडा तारा, काक्षी, रोज रात्री आपापल्या घरून पाहायचा आणि त्याच्या तेजाला दहापैकी गुण द्यायचे. महिनाभर त्यांनी ते नेटाने केले. महिन्याअखेर धुळ्याच्या वहीत पाच आणि सहा, जळगावच्या वहीत आठ आणि नऊ. शाळेत दोन्ही वह्या मांडल्या तेव्हा गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, "तारा एकच, रात्री त्याच. म्हणजे दोघींपैकी एकीने आकडे घरात बसून भरले आहेत." मुलगी त्या दिवसापासून गच्चीवर गेलेली नाही. आईचा प्रश्न असा: "माझी मुलगी खोटे बोलत नाही, आणि माझी भाचीही बोलत नाही. मग हा फरक आला कुठून? आणि कोण खरे हे कसे ठरवायचे?"

मुलीच्या इमानाचा प्रश्न असल्यामुळे या महिन्याचे सगळे पान आम्ही याच पत्राला देत आहोत. दोघीही खऱ्या असू शकतात. इतकेच नव्हे, तर दोघींनी अगदी सारखा गुण दिला असता तर आम्हालाच शंका आली असती.

जळगावच्या वाचकांना सोन्याचे उदाहरण सांगावे लागणार नाही. सराफाकडे दागिना नेला की जुने जाणकार तो हातात घेऊन "हे इतक्या कसाचे" असे नुसते डोळ्यांनी सांगत नसत. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिन्याची एक रेघ ओढत, आणि तिच्या शेजारी ठरलेल्या कसाच्या सुयांच्या रेघा. मग पाहत की आपली रेघ कोणत्या दोन रेघांच्या मधे बसते. दुकानात दिवा पिवळा असो, सराफाचे वय साठ असो, दगड थोडा झिजलेला असो, दोन्ही रेघांना प्रकाश तोच आणि डोळा तोच. त्यामुळे दिव्याची आणि डोळ्याची चूक दोन्हीकडे सारखी पडते आणि वजाबाकीत निघून जाते. आता यंत्रे आली, हॉलमार्क आला; पण त्या यंत्रालाही अधूनमधून माहीत असलेल्या कसाचे सोने दाखवूनच ताळ्यावर ठेवावे लागते.

आपल्या दोन मुलींनी दागिना पाहिला, पण सुई शेजारी ठेवली नाही. दहापैकी सहा म्हणजे कशाच्या मानाने सहा? धुळ्याच्या मुलीच्या मनातला दहा म्हणजे कदाचित व्याध असेल, जळगावच्या मुलीच्या मनातला दहा म्हणजे तिला आठवणारा दुसराच एखादा तारा. एकीच्या घरासमोर रस्त्याचा पांढरा दिवा आहे, दुसरीची गच्ची अंधारी आहे. एक जेवण होताच आठ वाजता पाहते, दुसरी धाकट्या भावाला झोपवून साडेदहाला. पूर्वी प्रत्येक बाजाराचा शेर वेगळा होता. दोन गावांचे शेर जुळले नाहीत म्हणून कोणी दुकानदाराला लबाड म्हणत नसे, शेर कोणता ते विचारत असे. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि मोंढ्यातल्या वजनावर सरकारी शिक्का बसू लागला. त्या वजनाची पडताळणी वरच्या वजनाशी, त्याची आणखी वरच्याशी, अशी साखळी थेट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते.

आकाशातही अशीच साखळी आहे. ती बांधायला हजार-दोन हजार वर्षे लागली.

सुरुवात डोळ्यांनीच झाली. जुन्या ग्रीकांनी ताऱ्यांच्या सहा प्रती केल्या: सर्वांत ठळक ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे ते सहाव्या प्रतीचे. टॉलेमीच्या यादीत हजारावर तारे होते आणि पुढे शतकानुशतके लोक ती यादी उतरवून घेत राहिले. दहाव्या शतकात इराणातल्या अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी वेगळे काही केले. टॉलेमीने दिलेली प्रत तशीच न उतरवता त्यांनी एकेक तारा स्वतः पाहिला आणि आपल्याला दिसली ती प्रत लिहिली. नुसते तिसऱ्या प्रतीचा असे न लिहिता, त्या प्रतीतला मोठा की लहान, हेही ते लिहीत. त्यांचा ताऱ्यांवरचा ग्रंथ इ. स. ९६४ च्या सुमाराचा. आज एखादा तारा हजार वर्षांत फिका झाला का हे तपासायचे असेल तर संशोधक तो ग्रंथ उघडतात. अस्-सूफींकडे काच नव्हती, यंत्र नव्हते. पण एका ताऱ्याची प्रत ठरवताना ते सभोवतालच्या ताऱ्यांच्या उतरंडीत त्याची जागा पाहत होते, म्हणून त्यांची नोंद आजही वाचता येते. आपल्याकडे चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी दिलेल्या दानाची साक्ष देतो. पण त्या परंपरेचे लक्ष ग्रह-नक्षत्रांच्या स्थानांवर होते, तेजाच्या मोजणीवर नव्हे. तो विषय पुढे कधीतरी घेऊ.

सहा प्रतींना पक्के गणित दिले ते नॉर्मन पॉगसन यांनी, १८५६ मध्ये. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा शंभर पट तेजस्वी धरायचा, असे त्यांनी सुचवले. म्हणजे पाच पायऱ्यांत शंभर पट, एका पायरीत सुमारे अडीच पट, नेमके २.५१२. हे इंग्रज गृहस्थ १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आले आणि १८९१ मध्ये मद्रासलाच वारले. जगभर रोज वापरली जाणारी पायरी आयुष्याची तीस वर्षे हिंदुस्थानात काढलेल्या माणसाची आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. लक्षात एवढे ठेवायचे की आकडा जितका लहान तितका तारा ठळक. अभिजित, ज्याला अरबांनी अन्-नस्र अल्-वाकिअ म्हणजे खाली झेपावणारे गिधाड म्हटले आणि त्यातूनच वेगा हे नाव आले, तो शून्याच्या जवळ. व्याध त्याहून ठळक म्हणून उणे दीड. ध्रुव दोनच्या आसपास.

ध्रुवाची गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांनी असे यंत्र केले की दुर्बिणीत ध्रुवाचे बिंब आणि मोजायच्या ताऱ्याचे बिंब शेजारी शेजारी दिसावे. ध्रुव जागचा हलत नाही, रात्रभर तिथेच. मग त्याच्याशी तुलना करून हजारो तारे मोजून काढले. सुई सापडली असे सगळ्यांना वाटले. पण १९११ मध्ये डेन्मार्कच्या हर्टझस्प्रुंग यांनी दाखवले की ध्रुवच थोडा कमीजास्त होतो, सुमारे चार दिवसांच्या फेऱ्याने. ज्या सुईवर सगळ्यांचा कस लावला तीच थोडी हलती निघाली!

यावर उपाय काय काढला? एका ताऱ्यावर विसंबायचे नाही. हेन्रिएटा लीव्हिट या बाईंनी उत्तर ध्रुवाजवळचे ९६ तारे निवडले, वेगवेगळ्या दुर्बिणींनी घेतलेल्या काचेच्या पट्ट्यांवर ते पुन्हा पुन्हा मोजले, एकमेकांशी ताडले, आणि ठळकापासून अगदी मंदापर्यंत एक शिडी तयार केली. या बाईंना कमी ऐकू येत असे आणि वेधशाळा त्यांना तासाला ३० सेंट देत असे. शिडीतला एक तारा हलला तर बाकीचे पंचाण्णव त्याची चुगली करतात. आमच्या मते लीव्हिट यांच्या अधिक प्रसिद्ध शोधाइतकेच हे काम मोलाचे आहे. त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही, कारण त्यात नवे काही सापडले नाही, फक्त पुढच्यांना सापडण्याची सोय झाली.

ध्रुवाजवळची शिडी दक्षिण गोलार्धातून दिसत नाही. आपल्या खानदेशातूनही ध्रुव उत्तरेला सातपुड्याच्या अंगाला अवघ्या २१ अंशांवर. म्हणून पुढे अमेरिकेच्या आर्लो लँडोल्ट यांनी खगोलीय विषुववृत्तावरचे तारे निवडले, जे उत्तरेकडच्यांना आणि दक्षिणेकडच्यांना सारखेच दिसतील. वर्षानुवर्षे ते मोजत राहिले. १९९२ च्या त्यांच्या यादीत ५२६ तारे आहेत. जळगावहून हे तारे दक्षिणेला ६९ अंश उंचीवरून जातात, म्हणजे आपल्याला तर सोयीचेच. जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. अशा दुर्बिणीवर एखाद्या नव्या ताऱ्याचे तेज मोजायचे तर आधी प्रमाण ताऱ्यांचे फोटो घ्यावे लागतात. ते उंच असताना घ्यायचे आणि खाली उतरल्यावर पुन्हा घ्यायचे. दोन्हींत जो फरक पडतो तो हवेने खाल्लेला प्रकाश. तो हिशेब बसला नाही, मधेच विरळ ढग आला, तर ती रात्र या कामापुरती बाद. आता गाया या युरोपच्या अंतराळयानाने १८० कोटींहून अधिक ताऱ्यांचे तेज मोजून ठेवले आहे आणि साखळी पूर्वीपेक्षा पुष्कळ घट्ट झाली आहे.

हवेने खाल्लेला प्रकाश म्हणजे काय, ते खानदेशातून फार छान दिसते. त्यासाठी सुहैल पाहावा. मराठीत त्याला अगस्त्य म्हणतात. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास तो ठीक दक्षिणेला असतो, पण क्षितिजापासून फक्त १६ अंशांवर. त्याच वेळी वर व्याध ५२ अंशांवर. मोजमापाने व्याध सुहैलच्या दुपटीलाही पोचत नाही. पण आपल्या गच्चीवरून तो तिप्पट वाटतो! कारण व्याधाचा प्रकाश हवेच्या जेमतेम सव्वा थरातून येतो आणि सुहैलचा साडेतीन थरांतून. त्यात चैत्र-वैशाखाची धूळ, पऱ्हाट्या पेटवल्याचा धूर मिळाला की सुहैल बिचारा तांबूस दिवा होतो. म्हणून पहिला नियम: ज्यांची तुलना करायची ते तारे जवळपास सारख्या उंचीवर हवेत.

आता पत्रातल्या वह्यांकडे येतो. आम्ही त्या भगिनीला कळवले की दोन्ही वह्यांच्या पानांचे फोटो पाठवा, गुणांचेच नव्हे, समासात जे काही खरडले असेल त्यासकट. फोटो आले. समासातच खरे धन होते. जळगावच्या मुलीने कितीतरी रात्री गुणाशेजारी लिहिले आहे, "रोहिणीपेक्षा जास्त", "प्रश्व्यापेक्षा कमी वाटतो". धुळ्याच्या मुलीने कमी वेळा, पण लिहिले आहे: "रोहिणी आणि प्रश्वा यांच्या मधला". रोहिणीची प्रत सुमारे ०.९, प्रश्व्याची सुमारे ०.३. त्यांच्या मधोमध म्हणजे ०.६. दोघींनी ज्या रात्री अशी तुलना लिहिली त्या रात्री निवडून आम्ही हिशेब केला. धुळे ०.५ ते ०.७, जळगावही ०.५ ते ०.७. ज्या रात्री एकीचे गुण सहा आणि दुसरीचे नऊ आहेत, त्याच रात्री समासातले दोघींचे म्हणणे एक आहे.

ज्या रात्री फक्त गुण लिहिले आहेत, त्या रात्री मात्र वाचवता येत नाहीत. ते गुण खोटे नाहीत, पण आता त्यांचा अर्थ लावायला कोणी साक्षीदार उरलेला नाही. दोन्ही वह्यांचा हिशेब, तारीखवार, आम्ही त्या भगिनीला वेगळ्या कागदावर पाठवला आहे. तो कागद त्यांनी वर्गात सर्वांसमोरच दाखवावा अशी आमची विनंती आहे, कारण आरोपही सर्वांसमोरच झाला होता.

मुलींनी काक्षी निवडला हेही चांगलेच केले. अरबांनी ज्याला यद् अल्-जौझा म्हटले तोच हा तारा, आणि तो खरोखर कमीजास्त होतो. २०१९ च्या अखेरीस तो फिका पडू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत उतरला. म्हणजे मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सएवढाच. नेहमीच्या तेजाच्या निम्म्याहूनही कमी. त्या काळात जगभरातल्या साध्या डोळ्यांच्या नोंदी उपयोगी पडल्या, कारण मोठ्या दुर्बिणींना असे ठळक तारे सोसत नाहीत, त्यांचे चित्र पांढरे होऊन जाते. तांबड्या ताऱ्याबद्दल एक सावधगिरी: त्याच्याकडे टक लावून पाहू नये. पाहत राहिले की तो डोळ्याला अधिकाधिक ठळक वाटत जातो. झटकन पाहावे, नजर शेजाऱ्याकडे न्यावी, पुन्हा यावे. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास काक्षी जवळजवळ डोक्यावर असतो, रोहिणी त्याच्या पश्चिमेला आणि प्रश्वा पूर्वेला, तिन्ही उंच. ही वेळ धरली तर हवेचा हिशेब फारसा करावा लागत नाही.

मोबाइलच्या फोटोवरून तेज ठरवू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. मोबाइल दर फोटोत उजेड आपल्या मनाने वाढवतो-घटवतो. साधा कॅमेरा तिवईवर असेल तर गोष्ट वेगळी. मग एकाच फोटोत आपला तारा, एक तुलनेचा तारा आणि एक तपासणीचा तारा घ्यावा. तपासणीचा तारा म्हणजे ज्याचे तेज आपल्याला आधीच माहीत आहे, पण हिशेब मात्र माहीत नसल्यासारखा करायचा. त्याचे उत्तर बरोबर आले तरच आपल्या ताऱ्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा. मापारीचेही माप घेणारा कोणी हवा.

हे काम करायला पदवी लागत नाही. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांवर नोंदी केल्या आणि अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेला पाठवल्या. संघटनेने खूश होऊन १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. त्या संघटनेला, १९११ मध्ये स्थापन झालेल्या ए.ए.व्ही.एस.ओ.ला, आपल्या बाजूच्या निरीक्षकांची गरज आजही आहे, कारण त्यांच्याकडे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र. त्यांचे नकाशे फुकट मिळतात. त्यावर ताऱ्याशेजारी ६५ लिहिलेले असते, ते ६.५ असे वाचायचे. दशांश चिन्हाचा ठिपका मुद्दाम गाळतात, नाहीतर तोही तारा वाटेल. कोणाची लेक डोळे बारीक करून अशा नकाशावर वाकलेली दिसली तर अम्मीने दिवा लावू नये, विझवावा.

दोघी बहिणींना आणि ज्यांना जमेल त्या सर्वांना पुढच्या हंगामाचे काम सुचवतो. मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, रात्री अकराच्या सुमारास पूर्वेकडे उंच पाहावे. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे नेली की पिवळट-नारिंगी स्वाती लागतो. स्वातीवरून अभिजितकडे निघाले की वाटेच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात सात ताऱ्यांची अर्धी वाटी दिसते. मराठीत तो उत्तर मुकुट. अरबांनी त्याला अल्-फक्का म्हटले, आणि दुसरे नाव ठेवले कसअत् अल्-मसाकीन, गरिबांचा कटोरा, कारण त्याची कड एका बाजूने तुटलेली आहे.

या कटोऱ्याच्या तुटक्या कडेजवळ एक तारा आहे. एरवी तो दहाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. १८६६ मध्ये तो भडकून दुसऱ्या प्रतीपर्यंत पोचला आणि काही दिवसांतच पुन्हा विझला. १९४६ मध्ये तसेच झाले. साधारण ऐंशी वर्षांचा हिशेब धरून गेली काही वर्षे खगोलज्ञ त्याच्या पुढच्या भडक्याकडे डोळे लावून आहेत. भडकल्यावर ठळक राहण्याचा काळ इतका थोडा की पहिल्या तासांच्या नोंदी ज्या देशात रात्र असेल तिथूनच येणार.

त्यासाठी कटोरा आधीच पाठ हवा. सर्वांत ठळक तो अल्फक्का, प्रत २.२. त्याच्या दोन बाजूंना असलेले दोन तारे ३.७ आणि ३.८ चे. कडेचे दोन ४.१ चे, मग एक ४.६ चा, आणि तुटक्या टोकाचा ५.०. ही सात पायऱ्यांची शिडी वहीच्या पहिल्या पानावर काढावी. जळगाव शहरातून पाचवी प्रत दिसणार नाही; पालला किंवा यावलच्या बाजूला सातपुड्यात कोणी नातेवाईक असतील तर तिथून दिसेल, आणि शहरातून कितवी पायरी शेवटची दिसली तेही लिहून ठेवावे. दर रात्री तारीख, वेळ, ठिकाण, आकाश कसे होते, आणि तारा कोणत्या दोन ताऱ्यांच्या मधे बसतो, एवढेच. गुण देऊ नयेत. काहीच नवे दिसले नाही तर "आज काही नाही, शेवटची दिसलेली पायरी अमुक" असे लिहावे. तीही नोंदच आहे. धुळ्याच्या वहीची आणि जळगावच्या वहीची पाने पावसाळ्याआधी आम्हाला पाठवावीत, समासासकट.